देशाबाहेर न गेलेली पत्रं

१५ फेब्रुवारी १९९७, शनिवार

आज पोस्ट उघडलं. सकाळी आठला कुलूप काढलं, साडेनऊपर्यंत कोणी फिरकलं नाही. मग एकजण आला, तो औषधाचं दुकान विचारायला.

छपराला तोफगोळ्याचं भोक आहे, त्यावर पत्रा ठोकलाय. तराजू एकच, त्याचं सगळ्यात लहान वजन हरवलंय. तारखेचा शिक्का तेवढा कोरा करकरीत. कडेने हर्गेसा, मधे सोमालीलँड. सहा वर्षं झाली आम्ही सोमालियापासून वेगळे झालो त्याला. असं आम्ही म्हणतो. दुसरं कोणी अजून म्हणालेलं नाही.

विसाव्या वर्षी मी याच इमारतीत इंग्रजांच्या हाताखाली कारकून लागलो. मग मोगादिशूच्या सरकारची चाकरी केली, मग त्याच सरकारच्या विमानांनी गाव पाडलं तेव्हा तीन वर्षं तंबूत काढली. आता सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा तेच टेबल. घरी बसलो असतो तर बरं झालं असतं, पण घरी बसून बायकोचं, कलतूनचं तोंड किती वेळ बघणार, आणि तिने माझं.

दुपारी रोब्ले साहेब आले. मंत्रालयात टपालखातं त्यांच्याकडे आहे. वयाने माझ्या धाकट्या भावाहून लहान. बाहेर राहून कायदा शिकून आलेत. खुर्ची नव्हती म्हणून टेबलाच्या कडेवर टेकले.

"दुआले काका, देश म्हणवून घ्यायला चार गोष्टी लागतात. जमीन, माणसं, सरकार आणि दुसऱ्या देशांशी व्यवहार. तीन आपल्याकडे आहेत. जग अडून बसलंय ते चौथीवर. ती चौथी तुमच्या या खिडकीत आहे."

मी म्हटलं, "खिडकीला काच नाही, साहेब."

ते हसले. काचेचं लिहून घेतलं.

दिवसाअखेर अकरा पत्रं, सगळी देशातलीच. सात बुराओची, चार बर्बेराची. अकराही शिक्के स्वच्छ उठले.

१ मार्च, शनिवार

परदेशची पहिली थैली आज गेली. लॉरीने सीमेपलीकडे जिजिगा, तिथून अदिस अबाबा, मग विमान. बत्तीस पत्रं. इंग्लंड, नॉर्वे, कॅनडा, आखातातली. रोब्ले साहेबांनी फोटो काढवून घेतला. मी थैली हातात धरून उभा. कलतून म्हणाली, फोटोत तुम्ही बकरी विकायला निघाल्यासारखे दिसाल.

दहबोअक्का आली होती, माझ्या नात्यातलीच. तिचा थोरला, लीबान, कार्डिफला असतो. धाकटा दोन वर्षांपूर्वीच्या लढाईत विमानतळापाशी मारला गेला. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती सांगते, मी लिहितो. सोबत तिची मुलगी होदन होती. होदन शाळेत शिकवते, तिला लिहिता येतं. मी म्हटलंही, "अगं, तूच का नाही लिहून देत आईला?"

"तिला पोस्टात लिहिलेलंच खरं वाटतं," होदन म्हणाली. आणि बाहेर उभ्या लॉरीकडे बघत राहिली.

१२ एप्रिल, शनिवार

काच बसली. लगेच तडा गेला.

देशातल्या देशात काम बरं चाललंय. बुराओची थैली दर शनिवारी दिरियेची लॉरी नेते. दिरिये भला पोरगा आहे, तिशीचा असेल. विमानतळापलीकडच्या वस्तीतला. म्हणजे दोन वर्षांपूर्वी सरकारशी आणि आमच्याशी लढले, त्यांच्यातला. पण थैली वेळेवर पोचवतो, पावतीवर सही घेऊन येतो. हल्ली तर शनिवारी सांगितल्या वेळेच्या दोन तास आधी येऊन बसतो. मी म्हटलं, अरे इतकी घाई कशाला, तर म्हणे इंजिन थंड होऊ द्यावं लागतं.

होदनही आली होती, आईसाठी कोरं पाकीट न्यायला. मागच्या शनिवारीही पाकीटच नेलं होतं. म्हातारीला इतकी पाकिटं लागतात कशाला कोण जाणे.

बाहेरून अजून एकही उत्तर नाही. लवकर आहे म्हणा.

२९ एप्रिल, मंगळवार

मला कोणी काही सांगत नाही. आज दिरियेच्या घरचे दहबोअक्काकडे होदनला मागणी घालायला गेले होते. दोघांचं जमलंय हे कलतूनला महिनाभर माहीत होतं. "शनिवारी तुमच्या नाकासमोर चाललं होतं सगळं," म्हणाली.

मागणी घेऊन आले ते दिरियेचे चुलते, हिरसी बुल्हान. हा माणूस त्यांच्या वस्तीचा शब्द आहे. सरकारशी लढताना पुढे तेच होते. तह झाला, बंदुका खाली ठेवल्या, पण सरकारचं नाव अजून तोंडाने घेत नाहीत. 'तुमचं ते' म्हणतात. तुमच्या त्याने रस्ता केला का, तुमच्या त्याने दिवे लावले का.

ज्या लढाईत पोरगा गेला, त्या लढाईतल्या पलीकडच्या म्होरक्याला दहबोअक्काने चहा दिला, समोर बसवलं. म्हणाली, होदनचा बाप नाही. थोरल्या भावाचा शब्द यायला हवा, मी लीबानला पत्र टाकते. हिरसी म्हणाले, रास्त आहे, थांबतो.

१० मे, शनिवार

दहबोअक्काचं पत्र लिहिलं. एरवी ती भराभर सांगते, आज एकेका वाक्याला थांबत होती. शेवटी विचारलं, "लिहिलंस का सगळं? मी म्हटलं तसंच?" मी वाचून दाखवलं. मग तिने पाकिटावर हात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला. काय लिहिलं ते इथे मांडत नाही. वहीतही नको.

होदन बाहेर थांबली होती. तिकीट मी लावलं, शिक्का तिच्यादेखत मारला. आजच्याच थैलीत गेलं.

१८ मे, रविवार

स्वातंत्र्यदिन, सोमालियापासून वेगळे झालो तो. मिरवणूक. सगळ्या खात्यांनी चालायचं होतं म्हणून मीही चाललो. आम्ही टपालखात्याचे एकूण पाच जण, त्यातला एक रंगारी, खिडक्या रंगवायला आलेला. गुडघा सुजलाय.

२६ जून, गुरुवार

आजची तारीख फक्त म्हातारे लक्षात ठेवतात. साठ साली याच दिवशी इंग्रज गेले आणि आम्ही पाच दिवस पुरता देश होतो. मग आपण होऊन दक्षिणेतल्या सोमालियात जाऊन मिसळलो. ते पाच दिवस मी तारखात्यात होतो. अभिनंदनाच्या तारा येत होत्या, देशोदेशींच्या. मी सायकलवरून नेऊन देत होतो. एकही देश आम्हाला विचारत नव्हता की तुम्ही खरे कशावरून. आणि आमच्याकडे होतं काय? धड रस्ता नव्हता, दोन शाळा होत्या.

आज शाळा आहेत, न्यायालय आहे, पोलीस आहेत, शिक्का आहे. आणि चार महिन्यांत बाहेरून एक पोस्टकार्ड नाही.

दहबोअक्का आठवड्यातून दोनदा येते. विचारत नाही. बाकावर बसते, पाणी पिते, जाते.

१२ जुलै, शनिवार

थैल्या परत आल्या.

जिजिगाच्या लॉरीवाल्याने दारात आणून टाकल्या. आजवर गेलेल्या तिन्ही थैल्यांतली मिळून एकशे सदतीस पत्रं, एकाच गोणीत कोंबलेली. प्रत्येकावर जांभळा शिक्का: तिकीट अमान्य, पाठवणाऱ्याकडे परत. कुठल्या देशाने मारला तेही वाचता येत नाही, शाई पसरलीय. आमच्या तिकिटावरच्या देशाच्या नावावर मात्र पेनाने एक सरळ रेघ आहे. एकशे सदतीस वेळा. कोणीतरी बसून ती ओढली असणार. एखादा कारकूनच, माझ्यासारखा.

मी दार लावून घेतलं. मोजली, पुन्हा मोजली. दहबोअक्काचं पाकीट तळाशी होतं.

१४ जुलै, सोमवार

रोब्ले साहेबांना सांगितलं.  त्यांनी उठून दार लोटलं.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, लॉरीवाल्याला. त्याला वाचता येत नाही."

"काका, पुढच्या महिन्यात युरोपातून पाच जण येतायत. आपल्या संस्था चालतात का ते बघायला. त्यांच्या अहवालावर फार काही अवलंबून आहे. तोवर ही गोणी कोणाला दिसायला नको."

"लोकांची पत्रं आहेत, साहेब."

"मला ते कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला नाही. डोळे सुजलेले होते, झोप झाली नसावी. "सहा वर्षं मी एकाच प्रश्नाची उत्तरं देतोय. तुम्ही कोण. एक महिना द्या मला."

दिला. सरकारी माणूस दुसरं काय देणार. गोणी घरी आणून खाटेखाली सारली. कार्यालयात उंदीर आहेत.

१९ जुलै, शनिवार

कलतूनने विचारलं, "खाटेखाली काय आहे? झाडता येत नाही मला." म्हटलं, जुने कागद.  दुपारी बघितलं तर गोणीवर तिने आपली जुनी चादर घातली होती, चारी बाजूंनी नीट खोचून.

परदेशची पत्रं मी अजूनही घेतोय. घेतली नाहीत तर लोक विचारतील. आज नऊ आली. शिक्के मारले. कपाटात ठेवली.

२ ऑगस्ट, शनिवार

दिरिये आला नाही. बुराओची थैली दुसऱ्या लॉरीने पाठवली, वरून ताडपत्रीही नव्हती.

कारण संध्याकाळी कळलं. हिरसी बुल्हानने मागणी मागे घेतली. तीन महिने थांबलो, म्हणाले. नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं. भावाच्या पत्राचं निमित्त करून आम्हाला दारात उभं केलं, आमचे हात त्यांना रक्ताचे वाटतात. दहबोअक्काच्या पुतण्याने बाजारात त्यावर काहीतरी वाकडं उत्तर दिलं. उंटांच्या बाजारात दोन्हीकडची पोरं हातघाईवर आली. एकाचं डोकं फुटलंय. विमानतळाकडच्या रस्त्यावर आज आमच्या बाजूचं कोणी गेलं नाही.

लीबानचं उत्तर आलं असतं तर हे काही झालं नसतं. पण येणार कुठून.

 

५ ऑगस्ट, मंगळवार

पाहुणे येऊन गेले. पाच जण. तराजू बघितला, रजिस्टरं बघितली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं. त्यांच्यातल्या एका पिकल्या केसांच्या बाईने दुभाष्यातर्फे विचारलं, "इथली पत्रं पोचतात का?"

रोब्ले साहेब माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते.

मी म्हटलं, "पोचतात."

बाईने लिहून घेतलं. देशाच्या बाजूने एक शब्द लिहिला गेला आणि तो खोटा होता. गाडी निघून गेल्यावर रोब्ले साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खांदा काढून घेतला. मुद्दाम नाही. आपोआप निसटला.

९ ऑगस्ट, शनिवार

होदन आली. रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर पुढे झाली.

"काका, आईचं पत्र तुम्ही टाकलं होतं ना?"

"टाकलं होतं."

"माझ्यादेखत शिक्का मारला होता."

"हो."

"आई म्हणते लीबान बदलला. तिकडे राहून आईला विसरला. परवापासून जेवत नाहीये. धाकटा गेला तेव्हाही इतकी पडली नव्हती. तो मेला हे तिला समजतं, हा जिवंत असून गप्प आहे हे समजत नाही." ती रडत नव्हती. शाळेत फळ्यासमोर बोलतात तशी सरळ बोलत होती. "मला दिरियेचं काही विचारायचं नाही. एवढंच सांगा, पत्रं जातात तरी का बाहेर?"

रांगेत मागे सहा माणसं होती. चार दिवसांपूर्वी हाच प्रश्न होता आणि मी उत्तर दिलं होतं. आज तोंड उघडलं आणि निघालं ते "नाही."

"एकही?"

"एकही नाही. परत आली. माझ्या घरी आहेत. तुझ्या आईचंही."

मागच्या सहा जणांनी ऐकलं. म्हणजे गावाने ऐकलं. होदनने काउंटरवर दोन्ही हात टेकले. मला वाटलं, आता ती ओरडेल.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"चार आठवडे."

"चार आठवडे तुम्ही आईला पाणी देत होतात," ती म्हणाली आणि गेली.

१० ऑगस्ट, रविवार

रोब्ले साहेबांचा लेखी खुलासा मागणारा कागद आला. खुलासा लिहायला बसलो. दोन ओळी कच्च्या कागदावर लिहिल्या, खोडल्या.

कलतूनला सगळं सांगितलं. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जुन्या कागदांवर कोणी इतकी तिकिटं लावत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते."

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज जे झालं ते सविस्तर लिहितो. थकलोय, पण उद्या आठवणार नाही.

डोकं फुटलेल्या पोराच्या भांडणावर दोन्हीकडचे वडीलधारे बसणार होते. जागा नदीपात्राकाठी बाभळीखाली, दोन्ही वस्त्यांच्या मधे. मी पाकीट खिशात घालून गेलो. बोलावणं नव्हतं. रोब्ले साहेबांनी सकाळी निरोप पाठवला होता की खात्याविषयी बाहेर काही बोलाल तर नोकरीला मुकाल. निरोप पोचला. आमच्याकडे देशातल्या देशात सगळं पोचतं.

हिरसी बुल्हान मधे, चटईवर. सत्तरीचे, मेंदी लावलेली दाढी, एक पाय लढाईपासून आखडलेला. दहबोअक्का बायकांत बसली होती, होदन तिच्या मागे. दिरिये लांब, लॉरीच्या चाकाला टेकून.

परवानगी मागून मी उभा राहिलो. म्हटलं, लीबानचा काही दोष नाही, दहबोअक्काचाही नाही. पत्र तिने टाकलं. ते बाहेर गेलं नाही, कारण आपलं तिकीट बाहेर चालत नाही. आपल्या देशाला ते देश म्हणत नाहीत. पत्र परत आलं आणि मी लपवलं. आलेल्या पाहुण्यांना मी पोचतात असं सांगितलं, तेही खोटं होतं.

 मग त्यांच्याकडचा एक तरुण म्हणाला, "हा त्यांच्याच नात्यातला आहे. काल संध्याकाळी लिहिलं असेल आणि काल संध्याकाळी शिक्का मारला असेल."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी पाकीट हिरसींच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"दहा मे," ते म्हणाले. "आम्ही मागणी घातली त्यानंतर अकरा दिवस."

"तारीख काय, कोणीही फिरवेल," तरुण म्हणाला.

"तू फिरवतोस का रे तारीख?" हिरसींनी मला विचारलं.

"नाही."

"पाहुण्यांना खोटं सांगितलंस म्हणतोस."

"सांगितलं."

"मग तुझ्यावर विश्वास का ठेवू?"

 सुचलं ते बोललो. "तोंडाने खोटं बोललो. शिक्क्याने आजवर बोललो नाही. दर सकाळी तारीख बदलून रजिस्टरात पहिला ठसा घेतो. रजिस्टर आणू का?"

हिरसी तरुणाकडे वळले. "याला खोटा शिक्का मारायचाच असता तर पत्र पोचल्याचा मारला असता. स्वतःच्या फजितीचा कोण मारतो?"

दोघेतिघे हसले. तरुण म्हणाला, मग उघडा, आत काय लिहिलंय ते सगळ्यांसमोर वाचू, आमची चेष्टा केलीय की काय ते कळेल. कोणीतरी चाकूही काढला.

मी म्हटलं, "उघडता येणार नाही."

"का?"

"पत्र लीबानच्या नावाचं आहे. ज्याच्या नावाचं त्यानेच उघडायचं."

"ते त्याच्याकडे जाणारच नाही, तूच म्हणालास."

"तरी त्याचंच आहे."

"तूच लिहिलंयस ना? मग काय लिहिलं ते सांग तरी."

"ते मी सांगू शकत नाही."

आमच्याच बाजूचे लोक चिडले. माझा चुलतभाऊ म्हणाला, दुआले, डोकं फिरलंय का तुझं, एका वाक्यात भांडण मिटेल. खरं होतं ते. पत्रात जे होतं ते ऐकून दगडही हलला असता. पण सदतीस वर्षांची सवय, जीभ वळली नाही. हिरसी माझ्याकडे बघत होते. 

तेव्हा दहबोअक्का मागून बोलली. उभी राहिली नाही, बसल्या जागेवरूनच. "माझं पत्र आहे, मी सांगते. मी लीबानला लिहिलं, मुलगा लॉरी चालवतो, हसतमुख आहे. ज्यांच्या गोळीने तुझा भाऊ गेला त्यांच्यातला आहे. मी वर्षभर त्यांना शाप दिले. आता दमले. होदनच्या मनात तो आहे. तू हो म्हण, म्हणजे आपल्या घरातून निदान एक माणूस त्या रस्त्याने हसत जाईल."

 होदनने पदर तोंडावर ओढून घेतला. दिरिये लॉरीच्या पलीकडे गेला.

हिरसींनी पाकीट न उघडता मला परत दिलं. म्हणाले, "दहा मेला पत्र टाकलं. बाईने शब्द पाळला. मागणी कायम आहे. फुटलेल्या डोक्याचं दोन्हीकडून बसून बघू."

मग चहा आला. माझा कप कोणीतरी सांडला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नोकरी गेली नाही. रोब्ले साहेब स्वतः आले. खुलाशाचा कागद मी कोराच परत केला होता. म्हणाले, "तुमच्या जागी यायला कोणी तयार नाही." मग बाकावर बसले, दहबोअक्का बसते तिथेच. "बाहेर आता काय सांगू मी, काका?"

"खरं सांगा. तीन आहेत, चौथी नाही."

"खरं सांगून सहा वर्षांत काही मिळालं नाही."

"खोटं सांगून?"

त्यांनी डोळे चोळले. जाताना तडा गेलेली काच बघितली, पुन्हा लिहून घेतलं.

दहबोअक्काचं पत्र अदिस अबाबाला जाणाऱ्या एका शिक्षकाबरोबर दिलं. तिथलं तिकीट लावून टाकेल. वरून आपलं तिकीट काढू का म्हणाला. मी म्हटलं, असू दे.

३० ऑगस्ट, शनिवार

रोज दुपारी बंद झाल्यावर पत्रं घरोघर परत देतोय. गुडघ्याचं काही खरं नाही. आतापर्यंत शंभराच्या वर झाली. परत करताना तिकिटाचे पैसेही देतो, बहुतेक जण घेत नाहीत. एकाने दार तोंडावर लावलं. एक बाई म्हणाली, मुलाला लिहिलेलं परत आलं हे त्याच्या बापाला सांगू नका, तो रोज उत्तराची वाट बघून जगतो. एका म्हाताऱ्याने विचारलं, "बुराओला जातं का?"

"जातं."

"बर्बेराला?"

"तिसऱ्या दिवशी."

"मग ठीक आहे," म्हणाला आणि बुराओच्या बहिणीला लिहायला पाकीट मागितलं. माझ्या खिशात नव्हतं.

दिरिये शनिवारची थैली पुन्हा नेऊ लागला. आता वेळेवर येतो, आधी नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पत्र मिळाल्यावर लीबानचा फोन आला, बाजारात नुकत्याच उघडलेल्या टेलिफोनच्या दुकानात. दहबोअक्काला बोलावून आणलं. तो हो म्हणाला. त्याला वाटत होतं आईच त्याच्यावर रुसलीय, वर्ष झालं एक ओळ नाही. होदन सांगत होती, दोघं अर्धा वेळ नुसतेच रडले.

लग्न रमजानच्या महिन्यानंतर. मला आणि कलतूनला दोन्हीकडून बोलावणं.

दहबोअक्काने माझ्याशी बोलणं सोडलंय. लग्नाचं आमंत्रण होदनने दिलं. बाकावर मात्र येऊन बसते. पाणी स्वतःच्या हाताने घेते.

२० सप्टेंबर, शनिवार

युरोपातल्या पाहुण्यांचा अहवाल आला म्हणे. रोब्ले साहेबांनी चार ओळी वाचून दाखवल्या. संस्था उल्लेखनीय आहेत, परिस्थिती गुंतागुंतीची आहे, मान्यतेचा प्रश्न इतरांनी आधी विचारात घ्यावा. पोस्टाचा उल्लेख नाही. म्हणजे खोटं बोललो तेही फुकट गेलं.

परदेशची पत्रं घेणं मी बंद केलं. खिडकीवर तसा कागद लावला. त्याने देश जरा लहान झाल्यासारखा वाटतो, पण काय करणार.

एक नवीन कटकट. हल्ली लोक भलतेच कागद घेऊन येतात. जमिनीचा सौदा, भांडणाचा तह, उसनवारीची चिठ्ठी. म्हणतात, यावर तारखेचा शिक्का मार. मी सांगून दमलो, हे पोस्ट आहे, शिक्का पत्रावर मारायचा असतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

बंद करायच्या वेळेला हिरसी बुल्हान आले. आखडलेला पाय ओढत, रांग नव्हती तरी रांगेच्या जागेवर उभे राहिले. दिरिये-होदनच्या लग्नाचा करार बरोबर, दोन्हीकडच्या सह्यांचा.

"यावर शिक्का मार."

"शिक्का पत्रावर मारतात, हिरसी. नियम आहे."

"मग पत्र काय असतं?"

"पाकीट लागतं, पत्ता लागतो, तिकीट लागतं."

त्यांनी पाकीट विकत घेतलं, तिकीट घेतलं, करार आत घातला, जीभ लावून चिकटवलं. "पत्ता लिही. हिरसी बुल्हान."

"तुम्हीच पाठवणार आणि तुम्हालाच?"

"नियमात बसतं का?"

मी विचार केला. नियमात बसत होतं. नाव लिहिलं, वस्ती लिहिली, हर्गेसा लिहिलं आणि पेन ठेवलं.

"देश?"

"देशातल्या देशात लागत नाही."

"लिही," ते म्हणाले.

लिहिला. जागा उरली नव्हती, अक्षर बारीक करावं लागलं. तिकीट लावलं, शिक्का मारला, रजिस्टरात चढवलं, मग दुसऱ्या खिडकीशी जाऊन बटवड्याच्या वहीत त्यांची सही घेऊन तेच पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उजेडाकडे धरून ठसा बघितला, फुंकर घातली आणि शाई वाळेपर्यंत बाकावर बसून राहिले.

या सगळ्यात जेवायला उशीर झाला. कलतून रागावली.